पिराजीमामाची अक्षत

टाकळवाडीत पिराजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? त्याला एकदा कुणीतरी सांगितलं, "पिराजी, जरा दाराकडं बघ." हा सकाळपासून दाराकडं बघत बसला. दुपारी चोर आले. तांब्याची घागर आणि पितळेची परात घेऊन दारातूनच गेले. पिराजीनं नीट बघितलं. बघायलाच तर सांगितलं होतं!

या पिराजीला एक थोरली बहीण होती, हौसाक्का. तिच्या लेकीचं, वैजूचं लग्न ठरलं. स्थळ चांगलं, मुलगा चांगला. घोडं अडलं ते भलतीकडंच. वैजूला दोन भाऊ. थोरला विलास अमेरिकेत जनावरांचा डॉक्टर. धाकटा अंकुश युरोपात, हॉलंड देशात नोकरीला. नऊ वर्षं झाली, दोघांनी गावाचं तोंड बघितलं नव्हतं. हौसाक्कानं दोघांना फोन केला, "वैजूचं लग्न आहे रं, या." दोघंही रुसले.

"लग्नाचं बोलावणं कुठं फोनवर असतं? मामाच्या हातानं रीतसर घरी अक्षत येऊ दे. अक्षत आली तर येतो. नाही आली तर नाही."

आता बोला. गावातली माणसं मोबाइलवर पत्रिका धाडायला लागली, आणि ही पोरं सातासमुद्रापलीकडं मानपान धरून बसली.

हौसाक्काच्या जिवाला घोर लागला. लग्नात कानपिळीला भाऊ पाहिजे. म्हणजे नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव म्हणून. दोन दोन भाऊ असून वैजूच्या लग्नात कान पिळायला कुणी नाही, ही कल्पनाच हौसाक्काला सोसवेना. ती म्हणाली, "मला मानपान नको, आहेर नको. माझी दोन पोरं मांडवात दिसली पाहिजेत. बास."

आणि मामा म्हणजे कोण? पिराजीच. देवानं तिला दुसरा भाऊ दिलाच नव्हता. तिची काय चूक?

पोरांनी विमानाचं तिकीट धाडलं. हौसाक्कानं तांदळाला कुंकू लावून, लाल फडक्यात बांधून पुरचुंडी केली. पोरांचा मान म्हणून पत्रिका इंग्रजीतूनही छापून घेतली. आणि सराव म्हणून पिराजीला म्हणाली, "आधी गावात अक्षत देऊन दाखव बघू."

पिराजी उंबऱ्याबाहेर गेला. वळला. आत आला आणि हौसाक्काच्याच हातावर अक्षत ठेवली.

"अठरा तारखेला वैजूचं लग्न आहे. चूलबंद या."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. हौसाक्कानं कपाळावर हात मारला.

"अरं मुडद्या, वैजूची आई मी! घरच्या माणसाला कुणी अक्षत देतं का? घरची माणसं सोडून बाकीच्यांना द्यायची."

"बरं आक्का."

"वाटेतलं एकही घर वगळायचं नाही."

"बरं आक्का."

"पहिली अक्षत शेजाऱ्याला. शेजाऱ्याला दिल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही."

"बरं आक्का."

तीन गोष्टी पिराजीनं पाठ केल्या. विमानात बसेपर्यंत पुटपुटत होता. विमानातल्या बाईनं जेवण आणलं, तर यानं शेजारच्या खुर्चीवर झोपलेल्या माणसाला हलवून उठवलं, सरावातली खिशात उरलेली चिमूटभर अक्षत त्याच्या हातावर ठेवली, आणि मग जेवला.

अमेरिकेत उतरला. तिथं टेबलामागं उभ्या असलेल्या एका साहेबानं पिशवी उघडली. कच्चे तांदूळ त्या देशात न्यायला परवानगी नव्हती. साहेबानं पुरचुंडीच काढून घेतली. पिराजीचं मन भरून आलं. इतक्या मोकळ्या मनानं अक्षत घेणारा माणूस त्यानं गावातही बघितला नव्हता. एकट्यानं सगळीच घेतली म्हणजे घरचं खटलं मोठं असणार. पिराजीनं त्याला पत्रिका दिली, हात जोडले.

"चूलबंद या साहेब."

विलास गाडी घेऊन आला होता. नेब्रास्का नावाचा प्रांत. तीन तास गाडी चालली. रस्ता वळला नाही, चढला नाही, उतरला नाही. पिराजीला वाटलं, गाडी जागच्या जागीच उभी आहे.

घरी आल्याबरोबर विलासनं आंघोळ केली, डोक्याला टोपी घातली, पाट मांडला आणि हात पुढं करून उभा राहिला. पिराजी पाटावर बसला. पुढं केलेल्या हातात त्यानं आपलं उपरणं दिलं.

"ठेव जरा. आधी सांग, शेजारी कुठं राहतो?"

विलासचा चेहरा पडला. पण रुसलेला माणूस मागून कसा घेणार? त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. "तो काय हॅरल्ड. शेजारीच आहे. नाकासमोर जा." आणि कुणाची तरी गाय अडली होती म्हणून निघून गेला.

पिराजीनं विलासच्या डब्यातले तांदूळ घेतले, कुंकू लावलं आणि उपाशीपोटी निघाला. नाकासमोर. दहा वाजले, बारा वाजले. मक्याचं एकच शेत चाललंय ते चाललंयच. घर नाही, झाड नाही. बोलायला कुत्रंसुद्धा नाही. तीन वाजता पिराजी स्वतःच्या सावलीला म्हणाला, "तू तरी चूलबंद ये बाई." दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला मटकन बसला. तेवढ्यात एक म्हातारा गाडी घेऊन आला. तोच हॅरल्ड. त्यानं पिराजीला उचललं, घरी नेलं, गरमागरम जेवण पुढं ठेवलं. पिराजी ताटाला हात लावेना. म्हाताऱ्याच्या हातावर अक्षत ठेवली, पत्रिका दिली, हात जोडले. आणि मग मक्याची सहा कणसं खाल्ली.

पिराजीला इंग्रजी येत नव्हतं आणि हॅरल्डला मराठी. त्यामुळं दोघांत गैरसमज व्हायला जागाच नव्हती. म्हातारा पत्रिका वाचून रडायलाच लागला. अकरा वर्षांत त्याच्या दारात बोलावणं घेऊन कुणी आलं नव्हतं.

विलास धावत आला. "मामा, चालत गेलात? अठरा किलोमीटर आहे!"

"तूच म्हणालास, शेजारीच."

"शेजारीच आहे! त्याच्या पलीकडचं घर बेचाळीस किलोमीटरवर. मामा, आपल्या तालुक्याएवढ्या जागेत इथं चारशे माणसं राहतात. लक्षात ठेवा. घराबाहेर पडायचं तर दोन दिवसांची शिदोरी, पाणी आणि घोंगडं घेऊन. पाच मिनिटांत गाव लागलं, तर समजायचं वाट चुकली."

"बरं."

"आणि रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला, की तो अडचणीत आहे. त्याला घरी आणायचं, खायला घालायचं. हॅरल्डनं केलं तसं."

"बरं."

पिराजीनं दोन्ही गोष्टी पाठ केल्या. आठवडाभरानं विलास त्याला विमानतळावर सोडायला आला. गाडीतून उतरेना.

"मामा, काही द्यायचं राहिलं का हो?"

पिराजीनं खिसे चाचपले. चंची होती. चष्मा होता. पासपोर्ट होता.

"नाही रं. सगळं जागच्या जागी आहे."

विलासनं तोंड फिरवलं आणि तीन तासांच्या रस्त्याला एकटाच लागला. वाईट वाटलं बिचाऱ्याला. पण पिराजीला कोण सांगणार?

हॉलंडचा कारभार सगळा उलटा. घर बोटभर रुंद आणि नारळाच्या झाडासारखं उंच. भिंतीला भिंत लागलेली. शेजारी शिंकला की अंकुश आपला रुमाल काढायचा. अंकुशनंही पाट मांडला, हात पुढं केला. पिराजीनं त्या हातात आपली काठी दिली.

"धर जरा. प्रवासानं अंग आंबलंय."

दुसऱ्या दिवशी अंकुश म्हणाला, "मामा, शेजारच्या गावातून पाव घेऊन या. नाकासमोर जा. मी चहा टाकतो."

पिराजी स्वयंपाकघरात शिरला. चौदा भाकऱ्या थापल्या. पाण्याची कळशी भरली. घोंगडं खांद्यावर टाकलं. अंकुश चहाचं आधण ठेवून बघतच राहिला.

पाच मिनिटांत गाव आलं. पावाचा खमंग वास आला. पाववाला दारात उभा राहून हसत होता. पिराजी थबकला. पाच मिनिटांत गाव? म्हणजे वाट चुकली! तो पुढं निघाला. सात मिनिटांत दुसरं गाव. पुन्हा चुकली! तिसरं आलं, चौथं आलं. पाट्यांवरची अक्षरं बदलली. पोलिसांच्या गाड्यांचे रंग बदलले. पिराजी काही फसला नाही.

इकडं पिराजीच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून अंकुशच्या घरी फोन यायला लागले. पहिला बेल्जियम देशातून, "घोंगडंवाला एक माणूस इथून गेला." दुसरा जर्मनीतून, "त्यानं आम्हाला भाकरी दिली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्झेंबर्गमधून फोन आला, "इथं बसलाय. उठत नाही." शिदोरी दोन दिवसांची होती. ती संपली, म्हणून पिराजी थांबला होता.

अंकुशनं त्याला गाडीत घातलं. "मामा, दोन दिवसांत चार देश फिरलात!"

"देश?" पिराजीला नवल वाटलं. "मला वाटलं वाड्या आहेत."

"अहो, इथं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. घराला घर, गावाला गाव, देशाला देश लागलाय. शिदोरी घ्यायची नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पिराजी शिदोरी न घेता बाहेर पडला. गल्लीच्या कोपऱ्यावर बघतो तर काय, रस्त्याच्या कडेला एकोणीस माणसं उभी. सगळ्यांचे चेहरे पडलेले. सगळी रस्त्याच्या एकाच बाजूला टक लावून बघतायत. एकाच जागी एवढी माणसं अडचणीत! त्यानं एकेकाचा हात धरला आणि सगळ्यांना घरी आणलं. पिठलं टाकलं. भाकऱ्या थापल्या.

अंकुश कामावरून आला तर घरात पाय ठेवायला जागा नाही. जिन्याच्या पायरीपायरीवर एकेक माणूस, मांडीवर ताटली, नाकातनं पाणी. वरच्या पायरीवर बसचा ड्रायव्हर. थांब्यावर कुणीच दिसेना म्हणून तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता. मग काय, त्यालाही आणला.

"मामा! ही माणसं अडचणीतली नाहीत!"

"मग कसली आहेत?"

"बसची!"

पण माणसांनी पिठलं दुसऱ्यांदा मागून घेतलं. ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा.

राहिलं अक्षतीचं काम. पिराजी दुकानातून तांदळाचं पोतं घेऊन आला. वाटेतलं एकही घर वगळायचं नाही, हे त्याला पाठ होतं. टाकळवाडीत ओढा आला की घरं संपतात. इथं घरं संपेनात. एका दाराला दुसरं दार चिकटलेलं, दुसऱ्याला तिसरं. गल्ली संपली की पुढची गल्ली. चूलबंद या, असं सांगताना पिराजी हातानं शेगडी बंद करायची खूण करायचा. लोक घाईघाईनं गॅस बंद करायचे. त्यांना वाटायचं, काहीतरी गळतंय. मग पत्रिका वाचून हसायचे आणि पिराजीला मिठी मारायचे. तिकडं कडाक्याची थंडी होती. लग्न उन्हाच्या देशात होतं. नाही कोण म्हणणार?

चार दिवसांत चारशे अकरा घरं झाली. शेवटची काही बेल्जियममधली होती, पण पिराजीला ती वाडीच वाटली.

निघायच्या दिवशी अंकुश स्टेशनवर आला. पोत्याच्या तळाशी मूठभर अक्षत उरली होती. अंकुशनं ती बघितली. त्यानं हात पुढं केला. चांगला डोळ्यांसमोर धरला.

"मामा, मूठभर राहिली आहे की हो."

"होय की रं!"

पिराजीनं ती मूठ फलाटावरच्या कबुतरांना टाकली. कबुतरं काही घरची नव्हती.

अंकुशचे डोळे भरून आले. नऊ वर्षं ज्या बोलावण्याची वाट बघितली, ते कबुतरं टिपत होती. पण मागून घेतलं तर मान कसला?

गावात पाऊल ठेवल्याबरोबर हौसाक्कानं विचारलं, "पोरं येणार ना रं?"

"घरचीच आहेत. न यायला काय झालं?"

हौसाक्कानं देवापुढं साखर ठेवली. "आणि पानं किती धरू?"

पिराजीनं नीट विचार केला. तो माणूस विचार करायला लागला की गोठ्याला आग लागल्यासारखी शेजाऱ्यांनी आपापली गुरं सोडून ठेवावीत. पण हौसाक्काला आनंदात भान नव्हतं.

"अमेरिका लई मोठी आक्का. नुसता एक शेजारी गाठायला दिवस गेला. अमेरिकेची दोन हजार पानं धर."

"अगं बाई! आणि युरोप?"

"चिमूटभर आहे. शिदोरी संपायच्या आत चार देश संपले. दहा पानं बास झाली."

हौसाक्कानं तसंच केलं. शाळेचं पटांगण भरून अमेरिकेचा मांडव घातला. युरोपचा घातला गोठ्याशेजारी, बैलगाडीएवढा.

अठरा तारीख उजाडली. सकाळीच धुरळा उडाला. एक बस आली, दुसरी आली, सतरा बस आल्या. नऊशे गोरी माणसं उतरली. सगळ्यांत पुढं तो पिठलं खाल्लेला ड्रायव्हर. सगळी रांगेनं गोठ्याशेजारच्या मांडवात शिरली. एकाच्या मांडीवर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा, चार जण म्हशीच्या गव्हाणीत. एकानंही कुरकुर केली नाही. दाटीत राहायची सवय होती ना!

अमेरिकेच्या मांडवात दोन हजार पाट. माणसं दोन. एका टोकाला हॅरल्ड, दुसऱ्या टोकाला तो टेबलामागचा साहेब. दोघं लांबून एकमेकांना हात करत होते. मधूनच एक वाढपी पाणी घेऊन गेला, तर हॅरल्ड अंग चोरून बसला. त्याला गर्दी वाटली.

"अरं, त्या नऊशे माणसांना पटांगणातल्या मांडवात बसव की!" हौसाक्का ओरडली.

"तो अमेरिकेचा आहे आक्का," पिराजी म्हणाला. "यांना बोलावणं युरोपातलं आहे."

हौसाक्काला वाद घालायला सवड नव्हती. ती प्रत्येक बसच्या दारात जाऊन उभी राहत होती. शेवटचा माणूस उतरेपर्यंत वर बघत होती. प्रत्येक उंच पोरात तिला विलास दिसायचा, प्रत्येक काळ्या केसांत अंकुश. सतरावी बस रिकामी झाली. ती आत चढून बाकांखाली बघून आली.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. भटजी म्हणाले, "कानपिळीला नवरीचे भाऊ या."

नवरदेव कान पुढं करून बसला. वैजूनं पदराआडून आईकडं बघितलं. हौसाक्कानं पिराजीकडं बघितलं.

"पिराजी, माझी पोरं कुठायत?"

"घरी आहेत की. सकाळीच फोन आला होता."

"घरी?"

"हॅरल्ड इकडं आला ना. त्याची अकराशे गुरं विलास सांभाळतोय. आणि अंकुशची गल्लीच इकडं आली. गल्लीतली दोनशे मांजरं त्याच्याकडं आहेत."

हौसाक्का काही बोलणार, तेवढ्यात अमेरिकेच्या मांडवातून तो साहेब चालत आला. बराच वेळ चालत होता, मांडव मोठा होता. त्यानं पिशवीतून काहीतरी काढून दोन्ही हातांनी हौसाक्काच्या पुढं धरलं. ज्याची वस्तू त्याला परत द्यायला तो स्वतः आला होता. लाल फडक्यातली पुरचुंडी. गाठसुद्धा सुटली नव्हती.

हौसाक्कानं आपली गाठ ओळखली.

"पिराजी... तू पोरांना अक्षत दिलीस ना?"

"छ्या!" पिराजी छाती काढून म्हणाला. "घरच्या माणसाला कुणी अक्षत देतं का? एवढी चूक करीन का मी? विलासनं हात पुढं केला, दिली नाही. अंकुशनं तर दोनदा केला, तरी दिली नाही. तुझा शब्द मोडला नाही आक्का!"

मांडवात कुणी हसेना. नवरदेवाचा कान तसाच पुढं होता. हौसाक्का रडली नाही. ती उठली, पदर खोचला, पिराजीसमोर आली आणि त्याचा कान धरून असा पिळला की तो पायांच्या बोटांवर उभा राहिला. नऊशे पाहुण्यांना वाटलं, हाच विधी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हॅरल्डनं लांबून हात केला.

आणि पिराजी कळवळून भटजींना म्हणाला, "अहो, सांगा की हिला! भावानं कान पिळायचा असतो, भावाचा नाही!"